सोवळे आणि पावित्र्य : ख्रिस्ती किशोरवयाविषयी काही विचार



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो त्या बाई ख्रिस्ती होत्या आणि या शाळेत त्यांनी मराठी शिकवले. या दोन्ही गोष्टी बेळगावात कोणाला विशेष वाटण्याचे कारण नाही. बाबा पदमनजी याच गावात 1831 साली जन्मले आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती ‘यमुनापर्यटन’ 1857 साली त्यांच्याच लेखणीतून उतरली. तरीही संयोजकांनी या वर्षीचा विषय सुचवला तेव्हा मी क्षणभर थबकलो. ख्रिस्ती मुलामुलींनी ऐन किशोरवयात पवित्र जीवन कसे जगावे, हा तो विषय. मी स्वतः ख्रिस्ती नाही. एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती मराठी गद्य हा माझ्या प्रबंधाचा विषय होता, एवढाच माझा अधिकार. परंतु या विषयात एकदा माझी मोठी चूक झालेली आहे आणि ती ज्या शब्दामुळे झाली त्या शब्दाविषयी बोलण्याचे कर्तव्य मराठीच्या शिक्षकावर येते, म्हणून होकार दिला.

तो शब्द ‘पवित्र’. मराठी बायबलात हाच शब्द स्थिरावला आहे. हा शब्द फार जुना आहे. ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे, या धातूपासून तो आला. वेदकाळात सोमरस मेंढीच्या लोकरीच्या गाळणीतून गाळीत. त्या गाळणीला ‘पवित्र’ म्हणत. धर्मकृत्याच्या वेळी बोटात घालण्याच्या दर्भाच्या अंगठीलाही आपण पवित्रकच म्हणतो. म्हणजे मुळात ‘पवित्र’ ही स्वतः स्वच्छ राहून कोपऱ्यात बसलेली वस्तू नव्हे. ज्याच्यातून गेल्याने दुसरे काही शुद्ध होते ते पवित्र. गाळणीला गाळ लागतोच. ते तिचे कामच आहे.

पुढे मात्र मराठी घरात या शब्दाच्या शेजारी दुसरा एक शब्द येऊन बसला आणि त्याने पहिल्याची जागा व्यापली. तो शब्द सोवळे. सोवळे म्हणजे न शिवणे. सोवळ्यातली व्यक्ती, सोवळ्यातले पाणी, सोवळ्यातला स्वयंपाक यांचे सारे महत्त्व कोण जवळ आले नाही यावर अवलंबून असते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये या सोवळ्याची मोठी मनोरंजक आणि तितकीच विदारक हकीकत आली आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याजवळ राहावयास आल्या तेव्हाही काही काळ त्यांनी आपले पाणी आणि आपली चूल वेगळी सांभाळली. ते सोवळे सुटले तेव्हा त्यांना कोणी वादात हरवले नव्हते. माणसामाणसांत असा भेद देवाने केला असेल काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि स्वतःच सोडवला.

घरातले सोवळे गेले तरी मनातले जात नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ‘पवित्र राहा’ असे सांगितले की त्याच्या कानावर ‘शिवू नकोस’ एवढेच पडते. सिनेमा नको, गाणे नको, अमक्या मित्राची संगत नको, मुलींशी बोलणे नको. मुलगी असेल तर ही यादी दुप्पट लांब होते. आणि किशोरवय हे मुळातच टोकाला जाण्याचे वय असल्यामुळे एखादे प्रामाणिक मूल ती यादी स्वतःहून आणखी वाढवीत नेते.

येथे बायबलातील मूळ विचार काय आहे ते पाहणे आवश्यक आहे. हिब्रू भाषेतील ‘कादोश’ या शब्दात वेगळे काढून ठेवल्याचा अर्थ आहे, हे खरे. परंतु वेगळे कशासाठी? जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात, देव पवित्र आहे म्हणून त्याच्या लोकांनीही पवित्र असावे अशी आज्ञा येते. तिच्यामागून काय काय येते ते आपण सर्वांनी एकदा घरी जाऊन वाचावे. देवपूजेचे आणि शुद्धतेचे नियम तेथे आहेतच. पण त्यांच्याच ओळीत असे सांगितले आहे की शेत कापताना कडेचे पीक गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावे, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, वजनमापात लबाडी करू नये, म्हाताऱ्या माणसासमोर उठून उभे राहावे. पावित्र्याच्या आज्ञेखाली मजुराची मजुरी! मी हा अध्याय प्रथम संशोधनासाठी वाचला तेव्हा तो मला विस्कळीत वाटला होता. आज तो मला त्या ग्रंथातील सर्वांत सुसंगत अध्यायांपैकी एक वाटतो.

नव्या करारात येशूने हात न धुता जेवणाऱ्या शिष्यांची बाजू घेतली आणि माणूस विटाळतो तो बाहेरून आत जाणाऱ्या गोष्टींनी नव्हे, मनातून बाहेर पडणाऱ्या गोष्टींनी, असे सांगितले. संत पौल करिंथ येथील मंडळीला पत्र लिहितो तेव्हा तिच्यातील सर्वांना पवित्र जन म्हणून संबोधतो. आणि त्याच पत्रात त्यांची आपसातली भांडणे, कोर्टकज्जे आणि जेवणाच्या पंगतीतला स्वार्थ यांबद्दल त्यांची चांगली कानउघाडणीही करतो. तेव्हा पावित्र्य हे शेवटच्या परीक्षेनंतर मिळणारे प्रशस्तिपत्रक नव्हे. नाव आधी घातले जाते, शाळा नंतर सुरू होते.

आता माझी चूक सांगतो.

पन्नास वर्षांपूर्वीच्या सुमारास मी एका महाविद्यालयात नुकताच अधिव्याख्याता झालो होतो. पीयूसीच्या वर्गात खानापूर भागातला एक कॅथलिक मुलगा होता. वसतिगृहात राही. अक्षर मोत्यासारखे, निबंध उत्तम. फेब्रुवारी-मार्चमध्ये ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ येतो. त्या दिवसांत तो एकदा पुस्तक मागण्यासाठी माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला दिसला म्हणून विचारले. तेव्हा त्याने संकोचाने सांगितले की रात्रीचे जेवण त्याने सोडले आहे, गादी गुंडाळून ठेवली आहे, फरशीवर निजतो, आणि खोलीतला दुसरा मुलगा सतत सिनेमाची गाणी म्हणतो म्हणून त्याच्याशी बोलणेही बंद केले आहे. त्याला पवित्र व्हायचे होते.

मी भारावून गेलो. संतवाङ्मय शिकवणाऱ्या माणसाला वैराग्याचे वर्णन करण्याची सवय असते. ते प्रत्यक्ष समोर उभे राहिलेले पाहून मला काय वाटले असेल याची आपण कल्पना करा. दुसऱ्या दिवशी मी भर वर्गात, नाव न घेता, पण सर्वांना कळेल अशा रीतीने, त्याची स्तुती केली. आठवड्याने मुलाने दुपारचे जेवणही निम्म्यावर आणले. वार्षिक परीक्षेच्या तिसऱ्या दिवशी तो पेपर लिहिता लिहिता चक्कर येऊन पडला. त्याला दवाखान्यात न्यावे लागले.

मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या गावचे धर्मगुरू तेथे बसले होते. म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मला दोष दिला नाही. बाहेर व्हरांड्यात आल्यावर एवढेच विचारले, “सर, त्याच्या खोलीतल्या मुलाचं काय झालं, तुम्हाला माहीत आहे का?” मला माहीत नव्हते. तो मुलगा गणितात कच्चा होता. जून महिन्यापासून आमचा हा विद्यार्थी रोज संध्याकाळी तासभर त्याला गणित शिकवीत असे. बोलणे बंद झाले त्या दिवसापासून शिकवणेही बंद झाले होते. ती गोष्ट मुलाने मला सांगितली नव्हती, कारण ती पावित्र्याच्या हिशेबात येते असे त्याला वाटलेच नव्हते. आणि मलाही विचारायचे सुचले नव्हते.

त्या धर्मगुरूंनी मला नंतर एक लहानसे चरित्र वाचावयास दिले. दोमिनिक सावियो या मुलाचे. आपल्या भागात आणि गोव्यात सावियो नावाची मुले कितीतरी आहेत; हे नाव कोठून आले हे त्यांतील पुष्कळांना ठाऊक असेल, आपल्यापैकी बाकीच्यांना नसेल, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

दोमिनिकचा जन्म उत्तर इटलीतील पिएमोंत प्रांतात, रीवा या गावी, 2 एप्रिल 1842 रोजी झाला. बाप लोहारकाम करी, आई शिवणकाम. सातव्या वर्षी त्याला प्रथम ख्रिस्तप्रसाद मिळाला. त्या काळी मुलांना तो बराच उशिरा देत असत, त्यामुळे हा अपवाद होता. त्या दिवशी त्याने आपल्यासाठी काही निश्चय लिहून ठेवले. त्यांतला शेवटचा, पाप करण्यापेक्षा मरण पत्करण्याचा, फार प्रसिद्ध झाला. मला स्वतःला त्याच्या शाळेतली एक हकीकत अधिक बोलकी वाटते. वर्गातल्या दोघा मुलांनी शेगडीत बर्फ आणि दगड भरून ठेवले आणि नाव दोमिनिकचे सांगितले. गुरुजींनी त्याला सर्वांसमोर झाडले. तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी खरा प्रकार उघडकीस आला तेव्हा गुरुजींनी विचारले, बोलला का नाहीस? त्याचे उत्तर असे की त्या मुलांचा तो पहिला अपराध नव्हता, त्यांना शाळेतून काढले असते. माझा पहिलाच ठरला असता, मला क्षमा झाली असती. या उत्तरात भक्ती आहेच, पण व्यवहारी हिशेबही आहे. दुसऱ्याचे नुकसान किती आणि आपले किती हे त्या मुलाने मोजून पाहिले होते.

1854 च्या ऑक्टोबरात त्याची डॉन बॉस्को यांच्याशी भेट झाली आणि तो तूरिन शहरातील त्यांच्या वसतिगृहात राहावयास आला. (आपले बाबा पदमनजी याच वर्षी येथे बेळगावात बाप्तिस्मा घेत होते, योगायोग एवढाच.) पहिल्याच भेटीत मुलगा म्हणाला की मी कापड आहे, तुम्ही शिंपी व्हा, आणि प्रभूसाठी चांगला अंगरखा शिवा. शिंपिणीच्या मुलाला हीच उपमा सुचणार.

पुढल्या वर्षी वसंत ऋतूत डॉन बॉस्को यांनी एक प्रवचन दिले. सर्वांनी संत व्हावे अशी देवाची इच्छा आहे, ते सोपे आहे, आणि त्याचे स्वर्गात मोठे फळ आहे, असा त्याचा आशय होता. दोमिनिकने ते मनावर घेतले. आपल्या नावाचा अर्थ त्याने विचारून घेतला. दोमिनिक म्हणजे प्रभूचा, आपल्याकडे हरिदास म्हणतात तसा. मग मी खरोखरच प्रभूचा व्हायला हवे, असे त्याने ठरवले. आणि एवढ्यावर तेरा वर्षांचा मुलगा जे करील तेच त्याने केले. खेळ कमी झाला, चेहरा गंभीर झाला. अंथरुणात खडे आणि लाकडाचे तुकडे घालून तो निजू लागला. शनिवारी भाकरी आणि पाणी यांवर राहू लागला. ऐन थंडीत एकाच पातळ पांघरुणात कुडकुडत राहिला.

डॉन बॉस्को यांनी काय केले? मी जे केले त्याच्या नेमके उलट. त्यांनी त्याची स्तुती केली नाही. परवानगीशिवाय अशी कोणतीही तपश्चर्या करायची नाही अशी त्याला स्पष्ट मनाई केली. मुलगा कळवळला, तपश्चर्येशिवाय स्वर्ग कसा मिळणार? तेव्हा त्यांनी त्याला त्याच्या वयाची तपश्चर्या सांगितली. आनंदी राहा. अभ्यास आणि प्रार्थना ही कर्तव्ये नीट कर. मित्रांबरोबर खेळ आणि त्यांना चांगुलपणाकडे आण. थंडी, ऊन, आजारपण, सोबत्यांचा त्रास जे आपोआप वाट्याला येईल ते कुरकुर न करता सोस. त्यासाठी खडे आणायला जावे लागत नाही.

हा सल्ला ऐकायला सोपा आहे. तो पाळायला खड्यांवर निजण्यापेक्षा कठीण आहे, हे कोणत्याही वसतिगृहात राहिलेल्या माणसाला कळेल. खडे बोलत नाहीत, चिडवत नाहीत, तुमची वही न विचारता नेत नाहीत. पाहुण्यासारखा आलेला नवा मुलगा एकटा उभा असला तर त्याच्याजवळ जाऊन बोलणे हे दोमिनिकने आपले काम मानले. एकदा दोन मुले दगडांनी मारामारी करायची असे ठरवून मोकळ्या जागी गेली. समजावून काही होईना तेव्हा तो क्रूस हातात घेऊन दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि पहिला दगड मला मारा म्हणाला. दगड मारला गेला नाही. 1856 च्या जून महिन्यात त्याने काही मित्रांना घेऊन एक मंडळ स्थापन केले. त्यांचा एक मुख्य हेतू असा की वसतिगृहातल्या हूड, एकाकी आणि नव्या मुलांकडे प्रत्येकाने लक्ष द्यावे.

त्याची प्रकृती मुळातच नाजूक होती. 1 मार्च 1857 रोजी त्याला घरी पाठवण्यात आले. त्या काळच्या वैद्यकाप्रमाणे डॉक्टरांनी वारंवार रक्त काढले आणि 9 मार्च रोजी तो वारला. पंधरावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. 1954 साली त्याला संत म्हणून घोषित करण्यात आले.

याच वसतिगृहातल्या आणखी एका मुलाची गोष्ट कमी सांगितली जाते आणि माझ्या मते ती मुद्दाम सांगितली पाहिजे. फ्रांचेस्को बेझुक्को नावाचा हा मुलगा आल्प्सच्या डोंगरातून आलेला मेंढपाळ. चांगले व्हायचे तर काय करावे, असे त्याने डॉन बॉस्को यांना विचारले तेव्हा त्यांनी तीन शब्द सांगितले : आनंद, अभ्यास, भक्ती. खडतर तपश्चर्या नको, असे त्यालाही बजावले होते. पण 1864 च्या जानेवारीत तो आजारी पडला तेव्हा कळले की हिवाळ्याची पांघरुणे त्याने अंगावर घेतलीच नव्हती. त्या आजारातच तो गेला. वय चौदाच्या आत. डॉन बॉस्को यांनी त्याचेही चरित्र लिहिले आणि त्यात ही पांघरुणाची गोष्ट झाकून ठेवली नाही. एका गुरूने एकच उपदेश दोन मुलांना केला होता. मोठ्यांची नजर क्षणभर चुकली तर काय होते ते येथे दिसते. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यातून परतल्यावर मी हे वाचले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

संतचरित्रे मुलांना सांगताना आपण कोणता भाग मोठ्याने सांगतो याला फार महत्त्व आहे. मारिया गोरेत्तीचे उदाहरण घ्या. इटलीतील गरीब शेतमजुराची ही मुलगी 1902 साली, बारावे वर्ष पुरे होण्याच्या आधी, बलात्काराचा प्रयत्न करणाऱ्या शेजारच्या तरुणाने केलेल्या वारांनी मेली. 1950 साली ती संत ठरली. पुष्कळ ठिकाणी ही कथा मुलींना अशी सांगितली जाते की जणू अब्रू जिवापेक्षा मोठी आहे आणि ती राखण्याची सारी जबाबदारी मुलीचीच आहे. हा अर्थ मला मान्य नाही आणि तो ख्रिस्ती शिकवणुकीशीही जुळत नाही. जिच्यावर बलजबरी होते तिच्या पावित्र्याला त्याने तिळमात्र बाध येत नाही, असे पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी लिहून ठेवले आहे. मारियाच्या कथेतील तेजस्वी भाग दुसरा आहे : मरताना तिने त्या तरुणाला क्षमा केली, आणि तो पुढे तुरुंगात बदलला. येथे बसलेल्या मुलींना मी आजोबाच्या नात्याने सांगतो, कोणी तुमच्यावर हात टाकला तर पाप त्याचे आहे. ते घरी, शाळेत, ज्याच्यावर विश्वास असेल त्याला सांगणे हा अपवित्रपणा नव्हे.

देहाविषयी आणि वासनेविषयी बोलणे मी टाळले असे कोणी म्हणू नये. ख्रिस्ती धर्म देहाला तुच्छ मानत नाही. पौल त्याला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो. विवाहापर्यंत संयम राखावा ही शिकवण स्पष्ट आहे आणि ती आजच्या काळात कठीण आहे. पूर्वी वाईट चित्र पाहण्यासाठी मुलाला कोणाकडून तरी मासिक मिळवावे लागे. आता ते न मागता हातातल्या फोनवर येते. पंधरा वर्षांचे मूल येथे अडखळणार. अडखळल्यावर काय, हा खरा प्रश्न आहे. कॅथलिक परंपरेत यासाठी पापनिवेदनाची सोय आहे आणि प्रॉटेस्टंट घरांत मूल आपल्या शब्दांत देवाशी बोलते. भाषेचा शिक्षक म्हणून मला या दोन्हींत एक गोष्ट मोलाची वाटते. दोषाला शब्द मिळतो. ज्या गोष्टीला शब्द मिळाला तिला शेवट असतो; मनात कुजत राहिलेल्या अपराधाला नसतो. दोमिनिकच्या निश्चयांत वारंवार पापनिवेदन करण्याचा निश्चय सर्वांत आधी आहे, मरणाचा सर्वांत शेवटी. आपण मात्र नेहमी शेवटचाच सांगतो.

या वयात दुसरे एक संकट येते ते दुहेरी जगण्याचे. याचा अनुभव पदमनजींनी घेतला होता. 1849 साली मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडायचा, मूर्तिपूजा मानायची नाही, पण सारे गुप्तपणे. आत जाऊन पाव खायचा आणि बाहेर येऊन घरचे सारे आचार पाळायचे. तरुण पदमनजी या सभेत होते. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मनाची ही वर्षानुवर्षांची चालढकल मोकळेपणाने मांडली आहे. आजचे मूल रविवारी प्रार्थनागृहात एक आणि सोमवारी मित्रांच्या टोळक्यात दुसरे असते. फोनवर आणखी तिसरे. या तिन्ही ठिकाणी आपण एकच असावे असे त्याला वाटू लागणे, हीच माझ्या समजुतीप्रमाणे पावित्र्याची सुरुवात.

केडगावच्या मुक्तिसदनाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि तरुण विधवा आणल्या. त्यांतील पुष्कळ जणी किशोरवयीन होत्या. तेथे प्रार्थना दीर्घ चालत; पण त्याबरोबर शेती, विणकाम, स्वयंपाक आणि छापखाना ही कामेही होती. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेला बायबलचा मराठी अनुवाद 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाला. त्याच्या छपाईचे काम त्याच सदनातल्या स्त्रियांच्या आणि मुलींच्या हातून झाले. दुष्काळात सापडलेली एखादी मुलगी शाईने बोटे काळी करून ‘पवित्र’ या शब्दाचे खिळे जुळवीत असेल, हे चित्र माझ्या मनात अनेकदा येते. सोवळ्याच्या दृष्टीने तिच्यात काहीच शुद्ध नव्हते.

आपल्या काळातले उदाहरण हवे असेल तर कार्लो अकुतिसचे आहे. 1991 साली लंडनमध्ये जन्मलेला, मिलानमध्ये वाढलेला हा मुलगा संगणकाचा वेडा होता. ख्रिस्तप्रसादाशी संबंधित चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने तिचे संकेतस्थळ तयार केले. व्हिडिओ गेम त्याला आवडत. म्हणून त्याने ते फेकून दिले नाहीत, आठवड्याला एक तास एवढी मर्यादा घातली. रस्त्यावरच्या बेघर लोकांना तो जेवण आणि पांघरुणे नेऊन देई. 2006 साली, पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो वारला. 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केले. बेझुक्कोने पांघरूण अंगावर घेतले नाही, कार्लोने ते दुसऱ्याच्या अंगावर घातले. एवढी वाट चालायला दीडशे वर्षे लागली असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण डॉन बॉस्को यांनी ती आधीच दाखवली होती.

बाईंविषयी एक आठवण सांगितली पाहिजे. मी येथे वक्तृत्वस्पर्धेला परीक्षक म्हणून आलो असताना त्यांना माझा हा सारा प्रकार एकदा सांगितला होता. त्या हसल्या. म्हणाल्या, “माझ्या वर्गातलं कोणी फार देवभक्त दिसायला लागलं की मी आधी त्याला वर्गातल्या सर्वांत खोडकर मुलाशेजारी बसवते. टिकलं तर खरं.” त्यांच्या हाताखालून गेलेले काही जण आज समोर बसले आहेत. आपण कोणाशेजारी बसला होता हे त्यांना आठवत असेल.

राहिला तो खानापूरचा विद्यार्थी. दवाखान्यातून सुटल्यावर ईस्टरच्या दिवशी तो गावी गेला आणि धर्मगुरूंनी त्याला पोटभर जेवू घातले, असे मला नंतर कळले. जूनमध्ये वसतिगृहात परत आला तेव्हा पहिल्या संध्याकाळी त्याने गणिताची वही काढली आणि खोलीतल्या सोबत्यासमोर ठेवली. त्याने ती उघडण्यापूर्वी एक अख्खे गाणे म्हणून घेतले. ऑक्टोबरच्या पुरवणी परीक्षेला दोघेही बसले. एकाचा पेपर बुडालेला, दुसऱ्याचा विषय राहिलेला. निकालाच्या दिवशी ते दोघे माझ्या घरी पेढे घेऊन आले. पुड्यातला पहिला पेढा त्याने स्वतः खाल्ला आणि मग पुडा माझ्यापुढे केला.